वजन उतरतंय, पण केसही उतरताहेत. नक्की किती खाऊ?

अबोली_भांडुप | ९ जून, रात्री ११.४०

खातं काढून चार वर्षं झाली, आजवर रोमातच (नुसतं वाचत, न लिहिता) होते. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३८, उंची १५७ सेंमी. मार्चच्या सुरुवातीला वजन ७९ होतं, मेच्या मध्याला ७१. दहा आठवड्यांत आठ किलो. ऑफिसात सगळ्या विचारतात, काय केलंस गं? मी ऐटीत सांगते, काही नाही, खाणं कमी केलं. पण गेले तीन आठवडे काटा ७१ वर चिकटून बसलाय.

खाणं असं: सकाळी लिंबू-मधाचं पाणी आणि काळी कॉफी. अकराला एक सफरचंद. डब्यात एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, काकडी. पाचला मूठभर चणे. रात्री दुधीचं सूप आणि वाटीभर ताक. कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये आकडा ६०० च्या पुढे गेला की माझी चिडचिड सुरू होते.

गेल्या गुरुवारी घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याकडे निघाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून तिथेच खाली बसले. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. एका बाईने, ओळख ना पाळख, पर्समधून पार्ले-जी काढून दोन बिस्किटं माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "सकाळी खाऊन निघत जा गं." ती दोन बिस्किटं मी मेट्रोत बसून अ‍ॅपवर नोंदवली. साकीनाका येईपर्यंत माझं मलाच कसंतरी झालं.

न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका असतो. पाळी बारा दिवस पुढे गेलीय (टेस्ट केली, ते नाही). वजन मला अजून कमी करायचंय. पण किती खाल्लं म्हणजे पुरेसं, आणि तेवढं खाऊनही ते उतरेल का?

सव्वाआठची_लोकल | ९ जून, रात्री ११.५८

आधी हिशेब. वजनाला १० ने गुण, उंचीला ६.२५ ने. दोन्हींची बेरीज कर. त्यातून वयाची पाचपट वजा, आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा. (पुरुषांना १६१ वजा करायचे नाहीत, उलट ५ मिळवायचे.) १९९० पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जिओर यांचं सूत्र आहे.

तुझं: ७१० + ९८१ − १९० − १६१ = १३४० कॅलरी.

म्हणजे तू दिवसभर पलंगावर पडून पंखा बघत राहिलीस तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना एवढं लागतं. त्यावर भांडुप-घाटकोपर-साकीनाका, घरचं काम, जिने. साधारण १.४ ने गुणलं तर १८७५ च्या आसपास. तू देतेस ६००. एवढ्या पगारात कोण राबेल?

टीकाखोर | १० जून, सकाळी ७.१०

सगळं मान्य, पण मग गणित जुळत नाही. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज १२००-१३०० ची तूट असेल तर दहा आठवड्यांत अकरा-साडेअकरा किलो जायला हवे होते. गेले आठ. म्हणजे अ‍ॅपमध्ये न लिहिलेलं काहीतरी आहे. चिडू नका, शनिवार-रविवारचं काय?

खडीसाखर | १० जून, सकाळी ७.३२

@टीकाखोर, सकाळी सकाळी उलटतपासणी! बिचारीला चक्कर आलीय आणि तुम्ही हिशेबाच्या वह्या तपासताय.

अबोली_भांडुप | १० जून, सकाळी ८.१५

नाही, बरोबर पकडलंय त्यांनी.

शनिवारी रात्री सगळे झोपले की मी ओट्याशी उभी राहते. दिवा लावत नाही, खिडकीतून समोरच्या सोसायटीचा उजेड येतो तेवढा पुरतो. फरसाणाच्या डब्याचं झाकण कसं फिरवलं की आवाज होत नाही हे मला आता पाठ झालंय. गेल्या शनिवारी अर्ध्या किलोचं भाकरवडीचं पाकीट निम्मं संपवलं. सकाळी सासूबाईंनी मुलीला विचारलं, तू खाल्लीस का? मी गप्प बसले. ती सातवीत आहे हो.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

पथ्यपाणी | १० जून, सकाळी ९.०५

अबोली, मी आहारतज्ज्ञ आहे, परळला एका रुग्णालयात काम करते. धाग्यावरून कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समज. पहिली गोष्ट, ओट्याजवळ उभं राहण्यात तुझा काही गुन्हा नाही. पाच-सहा दिवस शरीराला उपाशी ठेवलं की ते सहाव्या दिवशी वसुलीला येतं, आणि पालेभाजी मागत नाही. तेल, मीठ, साखर मागतं. मात्र पोटभर जेवायला लागल्यावरही हे चोरून खाणं थांबलं नाही, तर समुपदेशकाशी बोल. त्यालाही उपचार आहेत.

चक्कर आणि लांबलेली पाळी, दोन्ही डॉक्टरांना सांग. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन बी-१२ आणि डी, आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघून घे. केसांचं म्हणशील तर मोठा धक्का बसल्यावर (बाळंतपण, ताप, उपासमार) दोन-तीन महिन्यांनी केस झडतात. तुझं मार्चमध्ये सुरू झालं, आता जून. पोटात नीट जायला लागलं की बहुतेकांचे परत येतात, पण महिने लागतात. तेलं बदलत बसू नकोस.

आता "किती". आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, इतपत वेग बरा. त्यासाठी रोजच्या गरजेतून चारशे-पाचशे कमी केले की पुरे. तुझ्यासाठी १४०० ते १४५०. बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली आपल्या मनाने जाऊ नये. ८०० च्या खालचे आहार असतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरते. भराभर वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होतात, हे मी वॉर्डात बघते. वर चरबीबरोबर स्नायूही जातात. काट्याला दोन्ही सारखेच, तुझ्या गुडघ्यांना नाहीत.

यापुढे अ‍ॅपमध्ये कॅलरीच्या आधी प्रथिनं बघ. तुझ्या यादीत मला दिवसाला जेमतेम अठरा ग्रॅम दिसताहेत. वजन उतरवताना किलोमागे एक ग्रॅम तरी हवं, म्हणजे तुला ७० च्या पुढे. (मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे वाक्य वाचून काही करू नये, डॉक्टरांना विचारावं.)

रातपाळी | १० जून, सकाळी ९.४०

म्हणजे तो "स्टार्व्हेशन मोड"! शरीर घाबरून चरबी धरून ठेवतं, म्हणून काटा अडकला. माझ्या जिमच्या ट्रेनरनेही हेच सांगितलं होतं.

पथ्यपाणी | १० जून, दुपारी १.२०

अर्धं खरं. खाणं फार कमी झालं की शरीर खर्च थोडा आवरतं हे खरं, आणि आपणही नकळत कमी हलतो: जिना टाळतो, खुर्चीतून उठत नाही. पण ६०० कॅलरींवर माणूस चरबी साठवत बसतो, हे काही खरं नाही. तसं असतं तर दुष्काळात माणसं जाडी झाली असती. काटा अडकतो तो ताणाने अंगात धरलेल्या पाण्यामुळे, पाळीच्या चढउतारामुळे आणि शनिवारच्या भाकरवडीमुळे.

नाना_दादरकर | १० जून, दुपारी ४.००

निवृत्त शिक्षक असल्याने राहवत नाही, थोडं लांबण लावतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. युद्धावर जायला तत्त्वतः नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. १९४५ मध्ये त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ती धडधाकट माणसं होती, आठवड्याला ३५ किलोमीटर चालायची. वजन सुमारे पावपट उतरलं. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. ती मुलं दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. ताट चाटून पुसून घेत. उन्हाळ्यातही थंडी वाजे. चिडखोर झाली, एकलकोंडी झाली. आणि पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांची भूक बरेच महिने शमली नाही.

अबोलीताई, त्यांना दिवसाला मिळत होत्या साधारण १५७० कॅलरी. ती पुरुषमंडळी होती, सडसडीत होती आणि फार चालत होती, म्हणून तो आकडा तुम्हाला लावू नका. पण उपासमारीचा प्रयोग म्हणून जे दिलं गेलं, त्याच्या निम्म्याहून कमी तुम्ही भांडुपात स्वखुशीने खात होतात.

अवांतर: आम्ही शिवाजी पार्काला रोज चार फेऱ्या मारतो. मग कट्ट्यावर बसून फेऱ्यांपेक्षा जास्त वेळ वड्यावर चर्चा करतो. वडा मात्र आठवड्यातून एकदाच.

बांगडाफ्राय | १० जून, संध्याकाळी ७.१५

गो बाय, जेवल्याशिवाय काय खरा नाय!

प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर मासे का विसरता? लालबागला आमच्या घरी आई अजून बाजारात जाऊन बांगड्याचे कल्ले उचलून बघते, लाल असतील तरच पिशवीत. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिनं. तिखलं करा, चमचाभर तेलात होतं. पावसाळ्यात ताजी मासळी महाग होते तेव्हा सुके बोंबील, सोडे, जवळा. (मीठ जास्त असतं, बीपीवाल्यांनी जपून.) तळून मात्र खाऊ नका, म्हणजे माझं नाव बघून हसू नका.

अबोली_भांडुप | १० जून, रात्री ११.०५

आम्ही शाकाहारी हो :) अंडी मी खाते, पण सासूबाईंच्या समोर नाही.

नाना, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून पोळीला तूप लावून आणली. खाल्ली.

खडीसाखर | ११ जून, सकाळी ८.२०

शाकाहारी असशील तर हे वाच, मी दीड वर्षात ८४ वरून ७० ला आले. भाकरी-पोळीची संख्या मोजण्यात माझे सहा महिने फुकट गेले. खरी मेख तेलात होती.

आमच्या घरी माणसं चार आणि महिन्याला पाच लिटरचा डबा. एकदा बसून भागाकार केला. माणशी दिवसाला चाळीस मिलिलिटरच्या वर, म्हणजे जवळपास साडेतीनशे कॅलरी. पोटही भरत नाही त्यांनी. फोडणीत, पोळीच्या घडीत, भाजीवर येणाऱ्या तवंगात कुठेतरी जातात. मग मी किटली काढून टाकली आणि चमचा ठेवला. पोह्याच्या चमच्याने नव्हे, मोजायच्या पाच मिलिलिटरच्या. चार माणसांच्या भाजीला चार चमचे. आता डबा दोन महिने जातो. तेल-तुपातली ती उधळपट्टी थांबली तेव्हा मला वाटीभर जास्त उसळ, एक जास्त पोळी, दुपारचं दही खाता आलं. जास्त खाऊन वजन उतरलं असं मी सांगते तेव्हा लोकांना थाप वाटते.

दूध कुठलं घेता ते पण बघ. फुल क्रीममध्ये सहा टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड. चहाला काही फरक कळत नाही. दह्याला कळतो, खोटं कशाला बोलू.

टीकाखोर | ११ जून, सकाळी ८.४५

+१. हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर लावावा.

मुक्ता_गिरगाव | ११ जून, दुपारी २.३०

माझं उलटं आहे. डॉक्टरांनी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंय, २०२५ मध्ये वजनासाठी आपल्याकडे आली ती. भूकच लागत नाही. दुपारी दोन घास वरणभात खाल्ला की पोट गच्च. दिवस संपतो तेव्हा सातशेही होत नाहीत, आणि सगळे म्हणतात वा, काय इच्छाशक्ती! इच्छाशक्ती कसली, मळमळ आहे.

पथ्यपाणी | ११ जून, रात्री ९.५०

मुक्ता, हे पुढच्या भेटीत तुझ्या डॉक्टरांना याच शब्दांत सांग, डोस वाढवायच्या आधी. भूक नसली तरी गरज असतेच. ताटात आधी प्रथिनं खायची: पनीर, अंडं, घट्ट वरण. भात शेवटी. थोडं थोडं पाच वेळा. आणि पाणी.

यावरून आणखी एक. घरात कुणाला मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या असतील, तर त्यांनी असा धागा वाचून अचानक जेवण कमी करू नये. औषध तेवढंच आणि जेवण अर्धं, की साखर धाडकन खाली येते. संकष्टीच्या संध्याकाळी असे रुग्ण आमच्याकडे येतात.

रातपाळी | १२ जून, पहाटे ४.१०

सीप्झमध्ये रात्रपाळी करणाऱ्याने केव्हा खायचं हो? आत्ता ब्रेक आहे, कॅन्टीनमध्ये फक्त समोसे उरलेत.

सव्वाआठची_लोकल | १२ जून, सकाळी ८.१४

डबा ने, बाबा. मी लोकलमध्ये आहे, जागा मिळाली नाही, एका हाताने एवढंच लिहितो.

अबोली_भांडुप | २२ जून, रात्री १०.३०

रिपोर्ट आले. फेरिटिन ७, हिमोग्लोबिन १०.२, डी कमी. बाकी ठीक. लोहाच्या गोळ्या सुरू.

आठ दिवस १४०० ते १४५० खाल्लं. सकाळी पोळीबरोबर दोन अंड्यांची भुर्जी, नाहीतर दाणे आणि मटकी घातलेले पोहे. डब्यात दोन पोळ्या, उसळ, भाजी, दही. पाचला चणे आणि साखरेचा, हो साखरेचाच, अर्धा कप चहा. रात्री वाटीभर भात, घट्ट वरण, पनीर किंवा सोयाबीनची भाजी. शनिवारी रात्री साडेदहाला झोपले.

आज काट्यावर उभी राहिले: ७२.३.

मला रडू आलं. तुम्ही सगळे चांगलं सांगता, पण सव्वा किलो वाढलं ना? उद्यापासून परत सूप.

पथ्यपाणी | २२ जून, रात्री १०.४१

थांब. सूप ठेव गॅसवरून खाली.

सव्वा किलो चरबी चढायला गरजेच्या वर जवळजवळ दहा हजार कॅलरी खाव्या लागतात. तू गरजेपेक्षा कमीच खाल्लंस. मग हे काय? स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाची साखरेची शिदोरी असते, ती तू मार्चपासून रिकामी ठेवली होतीस. ती भरली. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. शिवाय आतड्यात आता खरोखरचं अन्न आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात तुझे जे दोन-तीन किलो "झटपट" गेले, त्यातही मोठा वाटा याच पाण्याचा होता. तेव्हा तू पेढे वाटले होतेस.

काटा सासूबाईंच्या कपाटात ठेव. आठवड्यातून एकदा, सकाळी, उठल्या उठल्या. आणि चार आठवड्यांची सरासरी बघ.

खडीसाखर | २२ जून, रात्री १०.५०

मलाही झालं होतं. मी त्या दिवशी काट्याला लाथ मारली होती. पायाचं नख गेलं. काटा अजून चालू आहे.

नाना_दादरकर | २३ जून, सकाळी ६.३०

कमरेला टेप लावा, अबोलीताई. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंमी आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा डॉक्टर सांगतात. कंबर पाण्याने एका रात्रीत हलत नाही. माझी ९६ आहे, म्हणून कट्ट्यावर बसताना शर्ट बाहेर काढतो.

अबोली_भांडुप | २३ जून, रात्री ११.२०

९१. लिहून ठेवलं.

अबोली_भांडुप | ३० सप्टेंबर, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. मध्ये बरेच दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. काटा आठवड्याला पाव किलो, कधी अर्धा, कधी काहीच नाही. एका आठवड्यात तर वर. आज ६८.४. कंबर ८६. पाळी जुलैत आली, त्यानंतर वेळेवर. केस अजून गळतात, पण कपाळाच्या कडेला बारीक बारीक नवे उभे राहिलेत, वेणी घातली की अँटेनासारखे दिसतात.

गणपतीत पाच दिवस काही मोजलं नाही. उकडीचे मोदक रोज दोन, तूप घालून, सगळ्यांबरोबर बसून. ओट्याशी नाही. सहाव्या दिवशी पोळी-उसळीवर परत. त्या आठवड्यात काटा सातशे ग्रॅम वर गेला, पुढच्यात खाली आला. या वेळी रडले नाही. नवऱ्यालाच जास्त काळजी, चार चार वेळा विचारत होता.

आठवड्यातून तीनदा घरीच व्यायाम करते: उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, आणि दोन्ही हातांत पाच पाच किलो आटा. आधी दहा उठाबशांत जीव जायचा.

अंड्यांचं सासूबाईंना कळलं. भुर्जीचा वास कसा लपणार? काही म्हणाल्या नाहीत, पण तवा वेगळा काढून दिला. वर म्हणाल्या, कांदा जरा जास्त घाल.

मुक्ता_गिरगाव | ३० सप्टेंबर, रात्री १०.३२

वा! माझा डोस डॉक्टरांनी आहे तिथेच थांबवला. अकराशे-बाराशेपर्यंत पोचते आता. तुझी ती मटकी-पोह्यांची कृती टाक ना, मोड किती दिवसांचे?

अबोली_भांडुप | ३० सप्टेंबर, रात्री १०.५०

रात्री भिजव, सकाळी उपसून फडक्यात बांध, पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड येतात. दोन माणसांना वाटीभर मोड, थोडं पाणी आणि मीठ घालून झाकणावर दहा मिनिटं. पूर्ण गाळ नको, दाताखाली यायला हवी. मग दोन चमचे तेल (पाच मिलिलिटरचे!), मोहरी, कढीपत्ता, मिरची, कांदा, दाणे. त्यात मटकी, मग भिजवलेले पोहे. लिंबू वरून.

रातपाळी | १ ऑक्टोबर, पहाटे ४.०५

रात्री दहाला करून नेले तर पहाटे चारपर्यंत टिकतील का?

अबोली_भांडुप | १ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

तिथे फ्रीज असेल तर. पोहे दडदडीत होतात, थोडं पाणी शिंपडून गरम कर. कांदा वेगळ्या डबीत ने.